चौरंगाभोवतीची केळ

श्रावणमास लागला की घराघरांत पूजेअर्चेची लगबग सुरू होते. सोमवारची शिवामूठ, मंगळवारची मंगळागौर, शुक्रवारची जिवतीची पूजा, आणि सोयीचा दिवस पाहून केलेला सत्यनारायण. सत्यनारायणाचा चौरंग मांडला की त्याच्या चार बाजूंना केळीचे चार खुंट बांधले जातात. त्यांची लांबरुंद पाने वर एकमेकांना भिडतात आणि त्या हिरव्या मखरात बाळकृष्ण विराजमान होतो. आपण देवाला हात जोडतो, कथा ऐकतो, प्रसादाचा द्रोण हाती घेतो. ज्या केळीने देवावर छत्र धरले तिच्याकडे मात्र क्वचितच कोणाचे लक्ष जाते. दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा झाली की कोमेजलेले खुंट निर्माल्याबरोबर बाहेर पडतात आणि केळीचा आपला संबंध पुढच्या पूजेपर्यंत संपतो.

आज आम्ही वाचकांस या केळीचीच कथा सांगणार आहोत, आणि तीही कुर्डुवाडीच्या निमित्ताने. माढा तालुक्यातील कुर्डुवाडी म्हटली की डोळ्यांपुढे रेल्वेचे जंक्शन उभे राहते, केळीची बाग नव्हे. परंतु गेल्या काही वर्षांत या कोरड्या मुलुखाचे आणि केळीचे असे नाते जडले आहे की, केळीचा महिमा आणि केळीविषयीचे आपले कर्तव्य या दोन्ही गोष्टी समजून घ्यावयाच्या तर त्यासाठी याहून योग्य ठिकाण सापडणे कठीण आहे.

केळ आणि केळे

प्रथम शब्दाचा विचार करू. आपल्या मराठीने या वनस्पतीच्या बाबतीत एक सुंदर भेद राखला आहे. ‘ती केळ’ म्हणजे झाड आणि ‘ते केळे’ म्हणजे फळ. आई स्त्रीलिंगी आणि लेकरू नपुंसकलिंगी! अनेकवचनात मात्र मायलेकरे एक होतात; बागेत उभ्या असतात त्याही केळी आणि ताटात असतात तीही केळी.

हा शब्द संस्कृत ‘कदली’पासून प्राकृताच्या वाटेने आला. गुजरातीतील ‘केळां’, हिंदीतील ‘केला’ आणि बंगालीतील ‘कला’ ही सारी त्याच घराण्यातील भावंडे होत. आमचा सोलापूर जिल्हा तीन भाषांच्या सीमेवरचा. सोलापूर शहराच्या एकाच बाजारपेठेत मराठी गिऱ्हाईक ‘केळी’ मागते, कन्नड घरातील माणूस ‘बाळेहण्णु’ म्हणतो आणि तेलुगू विणकराच्या घरात त्याच फळाला ‘अरटिपंडु’ म्हणतात. फणी एक, नावे तीन.

संस्कृतात केळीला नावांचा तुटवडा नाही. अमरकोशात कदली, रंभा, मोचा, अंशुमत्फला अशी अनेक नावे आढळतात. त्यातील ‘रंभा’ हे नाव स्वर्गीच्या अप्सरेचेही आहे. ‘मोचा’ हे नाव तर फार दूरवर गेले असावे. अरबीत केळ्याला ‘मौज’ म्हणतात, आणि तो शब्द ‘मोचा’पासून निघाला असावा असे अनेक अभ्यासक मानतात. त्याच अरबी शब्दावरून केळीच्या कुळाला ‘मुसा’ हे शास्त्रीय नाव मिळाले. स्वीडनचा थोर वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस याने १७५३ मध्ये तिला जे पूर्ण नाव दिले त्याचा अर्थ ‘स्वर्गोद्यानातील’ असा होतो, आणि दुसऱ्या एका जातीला त्याने ‘ज्ञानी जनांची’ असे विशेषण लावले. भारतातील ऋषिमुनी या फळावर राहतात, अशी समजूत युरोपात प्राचीन काळापासून चालत आली होती. इंग्रजीतील ‘बनाना’ हा शब्द मात्र पश्चिम आफ्रिकेतून पोर्तुगीज व स्पॅनिश खलाशांबरोबर जगभर पसरला.

दत्तभक्तांना आणखी एक शब्द परिचयाचा आहे, तो म्हणजे ‘कर्दळीवन’. आज आपण ‘कर्दळ’ म्हणतो ती लाल-पिवळ्या फुलांची बागेतील झुडुपे. जुन्या मराठीत मात्र कर्दळी म्हणजे केळच. गाणगापूरचे श्रीनृसिंहसरस्वती श्रीशैल्याजवळच्या कर्दळीवनी गेले, ही श्रीगुरुचरित्रातील कथा घराघरांत पारायणाने परिचित आहे. त्याच वनातून पुढे अक्कलकोटचे श्रीस्वामी समर्थ प्रकट झाले, अशी भक्तांची श्रद्धा आहे. स्वामींची १८७८ मधील समाधी आमच्याच जिल्ह्यात आहे. महाभारताच्या वनपर्वात भीमसेनाला वृद्ध वानराच्या रूपात मारुतिराय भेटले तेही कदलीवनातच. थोर पुरुषांची गुप्त होण्याची आणि प्रकट होण्याची जागा आपल्या परंपरेने केळीच्या वनात कल्पिली आहे. असे का, याचे उत्तर केळीच्या देहरचनेत सापडते.

सोपटांच्या आतील गाभा

केळीला आपण झाड म्हणतो. शास्त्रदृष्ट्या ती झाड नाही. तिला लाकूड नसते. ती एक प्रचंड तृणजातीय वनस्पती आहे. आपण जिला खोड म्हणतो ते खोड नसून पानांच्या देठांची एकावर एक घट्ट गुंडाळलेली सोपटे असतात. खरे खोड म्हणजे जमिनीखालचा कंद. सोपट सोलीत गेले की आत दुसरे, त्याच्या आत तिसरे, आणि अखेर हाती काही नाही. म्हणूनच संसाराची निःसारता सांगताना प्राचीनांनी कदलीस्तंभाची उपमा वारंवार योजिली.

ही उपमा यथार्थ आहे; परंतु ती केळीच्या आयुष्याच्या पूर्वार्धापुरतीच. कंदातून एकामागून एक पानांच्या सुरळ्या वर येतात. तीस-चाळीस पाने झाली की एके दिवशी कंदाच्या मुखाशी पाने फुटणे थांबते आणि तेथून एक दांडा वर चढू लागतो. ज्या पोकळ गाभ्यात काहीच नव्हते त्याच गाभ्यातून तो दांडा मार्ग काढतो आणि एका सकाळी शेंड्यातून जांभळ्या वर्णाचे केळफूल बाहेर डोकावते. शेतकरी याला ‘केळ निसवली’ असे म्हणतात. केळफुलाचे एकेक जांभळे दल उलगडते आणि त्याच्या आड फुलांची ओळ दिसते. प्रत्येक ओळीची पुढे फणी होते. फण्या मिळून घड होतो. आमच्या सुगरणी ज्या केळफुलाची चण्याची डाळ घालून भाजी करतात ते हेच. घडाला पुरेशा फण्या धरल्या की उरलेले फूल काढून टाकतात, तेच बाजारात येते.

केळ आयुष्यात एकदाच निसवते. घड उतरला की त्या खोडाचे कार्य संपले. परंतु ती निसवण्याच्या आधीच तिच्या पायाशी कंदातून कोवळे कोंब वर आलेले असतात. त्यांना मुनवे म्हणतात. आई आडवी होते तेव्हा मुनवा उभा असतो. तिच्याच कंदाला जोडलेला, तिचेच अन्न घेऊन वाढलेला. एक देह जातो आणि तोच देह दुसऱ्या रूपाने तेथेच उभा राहतो. गुप्त होणे आणि प्रकट होणे याचे याहून प्रत्ययकारी उदाहरण वनस्पतिसृष्टीत दुसरे कोणते दाखविता येईल?

आणि केळीच्या फळात बीज नसते, हे तर आपण रोज पाहतो. केळे कापले की मध्यभागी बारीक काळे ठिपके दिसतात. न वाढलेल्या बीजांची ती केवळ खूण होय. सह्याद्रीच्या कड्यांवर पावसाळ्यात ‘कवदर’ नावाची रानकेळ उगवते. तिची फळे टणक काळ्या बियांनी भरलेली असतात, खाण्याजोगा गर नावापुरताच. आणि तिला मुनवे येत नाहीत. आपल्या बागेतील केळीचे नेमके उलट आहे. तिला गर आहे, मुनवे आहेत, पण बीज नाही. न्यू गिनीच्या बेटावर सुमारे साडेसहा-सात हजार वर्षांपूर्वी माणसे केळीची लागवड करीत होती, याचे पुरावे उत्खननात मिळाले आहेत. तेव्हापासून आजपर्यंत कोणीतरी मुनवा उचलून दुसरीकडे लावला म्हणूनच ही केळ देशोदेशी टिकली. पक्ष्याने बी टाकले आणि ती उगवली, असे तिच्या नशिबी नाही. माणसाच्या हातांवाचून तिचा वंश पुढे जात नाही.

ज्याला पर्याय नाही असे फळ

विवाहाच्या मांडवाला केळीचे खुंट का बांधावेत, याचे मर्म आता वाचकांच्या ध्यानी येईल. वंशसातत्याचे एवढे सजीव प्रतीक दुसरे नाही. बंगालमध्ये दुर्गापूजेत नऊ वनस्पतींच्या ‘नवपत्रिके’त केळीच्या रोपट्याला साडी नेसवून देवीजवळ उभे करतात आणि लोक तिला प्रेमाने गणपतीची वधू म्हणतात. उत्तर भारतात गुरुवारी बृहस्पतीच्या व्रतात केळीची पूजा करतात आणि त्या दिवशी व्रतस्थ मनुष्य केळे खात नाही. ज्याची पूजा केली ते त्या दिवशी भक्षण करावयाचे नाही, असा तो भाव आहे.

आपल्याकडे पाहावे तर केळीचा कोणता भाग देवाच्या वा माणसाच्या कामी येत नाही? खुंट मखराला, पान नैवेद्याला, सोपटाचे धागे हार गुंफण्याला, फूल भाजीला, कच्चे फळ उपवासाच्या काप आणि वेफरना, पिकले फळ शिकरणाला. पंगतीत पान मांडताना त्याचे अग्र जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला यावे, हा दंडक लहान मुलांनाही शिकविला जातो. पानाच्या टोकाकडील अखंड भागाला ‘आगोतली’ म्हणतात आणि ती मान्यवरांसाठी राखून ठेवण्याची रीत जुन्या घरांत होती. ‘केळवण’ या शब्दात तर कानाला केळीचा भास होतोच, आणि केळवणाचे पान केळीचेच असावे असा पुष्कळ घरांचा आग्रह असतो.

सत्यनारायणाच्या प्रसादाविषयी एक गोष्ट आम्हांस विशेष मननीय वाटते. कथेत प्रसादाचे जिन्नस सांगितले आहेत: केळे, तूप, दूध आणि गव्हाचे पीठ. पुढे म्हटले आहे की गव्हाचे पीठ न मिळाल्यास तांदळाचे घ्यावे. साखरेच्या जोडीला गुळाचीही मुभा दिली आहे. गरिबाच्या घरी व्रत अडू नये एवढी ती काळजी आहे. केळ्याला मात्र तेथे पर्याय सांगितलेला नाही. कथाकाराला तो सांगण्याची गरज वाटली नसावी. कारण केळ ही प्रत्येक घराच्या परसात, मोरीच्या पाण्यावर वाढणारी, कोणीही कोणाला सहज द्यावी अशी वनस्पती होती.

जंक्शनच्या मुलुखात केळ आली

कुर्डुवाडीच्या परिसरात मात्र अशी केळ पूर्वी मळ्यातील विहिरीच्या थारोळ्यापाशी किंवा एखाद्या वाड्याच्या मागील अंगणातच पाहावयास मिळे. हा ज्वारीचा मुलूख. जिल्ह्याचा सरासरी पाऊस वर्षाला पाचशे-साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी येथील वडीलधाऱ्यांच्या तोंडून आजही ऐकावयास मिळतात.

गावाची कीर्ती होती ती रेल्वेमुळे. १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची अरुंद मापाची गाडी येथून बार्शीला धावू लागली. मुख्य मार्गावरील या स्थानकाचे नाव त्या काळी ‘बार्शी रोड’ असे होते. १९०६ मध्ये ती गाडी पंढरपूरला पोहोचली आणि कुर्डुवाडी हे विठ्ठलभक्तांचे उंबरठ्याचे गाव झाले. मुंबई-पुण्याकडून किंवा सोलापूरकडून येणारा वारकरी येथे मोठ्या गाडीतून उतरे आणि छोट्या गाडीत चढे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या आषाढी-कार्तिकी या फलाटावरून गेल्या. नव्या शतकाच्या पहिल्या दशकात पंढरपूर आणि बार्शी या दोन्ही बाजूंचे रूळ रुंद झाले आणि छोट्या गाडीचा तो जमाना संपला.

या मुलुखाचे रूप पालटले ते १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाने. भीमा नदीवरचे हे धरण माढा तालुक्यातच आहे. त्याची एकूण साठवण सुमारे ११७ अब्ज घनफूट. त्यासाठी काठची अनेक गावे पाण्याखाली गेली, हे येथे कृतज्ञतेने नोंदविले पाहिजे. पाणी आले तसा प्रथम ऊस आला आणि त्यामागून केळी. आज टेंभुर्णीपासून करमाळा तालुक्यातील कंदर, जेऊरपर्यंतच्या पट्ट्यात केळीच्या बागा पसरल्या आहेत. कंदरच्या परिसरातील केळी पाण्याने धुऊन, तेरा-साडेतेरा किलोंच्या पेट्यांत भरून, शीतगृहांतून आखाती देशांकडे रवाना होतात. २८ डिसेंबर २०२० रोजी आमच्याच जिल्ह्यातील सांगोल्याहून पश्चिम बंगालमधील शालिमारकडे देशातील शंभरावी किसान रेल निघाली, तिच्या मालातही केळी होती. जगात सर्वाधिक केळी भारतातच पिकतात, वर्षाला तीन कोटी टनांहून अधिक. आणि त्यांतील बहुतेक आपणच खातो.

ज्या भीमेच्या पाण्यावर या बागा उभ्या आहेत तीच नदी पुढे पंढरपुरी चंद्रभागा होते. कुर्डुवाडीच्या बाजारातून सत्यनारायणासाठी आपण जी फणी घरी आणतो तिच्यात अशा रीतीने चंद्रभागेचेच पाणी असते.

केळी खाता हरखले…

आपल्याकडे एक म्हण आहे: केळी खाता हरखले, हिशेब देता चरकले. कुर्डुवाडीच्या मुलुखाला ही म्हण आज अक्षरशः लागू पडते.

पहिला हिशेब पाण्याचा. वाढत्या केळीला उन्हाळ्यात दिवसाला पंधरा-वीस लिटर पाणी लागते. एकरी बाराशे ते पंधराशे केळी धरल्या तर एका एकराला रोज वीस-पंचवीस हजार लिटर पाणी होते. शेतकऱ्याने ठिबक सिंचन स्वीकारून पुष्कळ पाणी वाचविले, हे खरे. परंतु बागांचे क्षेत्र वाढते आहे आणि धरण तेवढेच आहे. पाऊस लांबला की पिण्यासाठी, शेतीसाठी, आणि वारीच्या काळात चंद्रभागेत स्नानापुरते पाणी राहावे यासाठीही त्याच साठ्याकडे डोळे लागतात.

दुसरा हिशेब वाणाचा. राजेळी, वेलची, सोनकेळ, मुठेळी, लाल केळ, लोखंडी, बसराई अशी एकेका चवीची आणि उपयोगाची केळी महाराष्ट्रात होती आणि अजूनही थोडी आहेत. वसईला राजेळी वाळवून ‘सुकेळी’ करतात. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु १९९० च्या दशकापासून ऊतिसंवर्धनाने तयार केलेल्या ‘ग्रँड नैन’ या एका वाणाने बागा व्यापल्या. या फ्रेंच नावाचा अर्थ मोठा गमतीचा आहे: ‘मोठा बुटका’! उत्पन्न भरघोस, घड एकसारखा, रोपे निरोगी. शेतकऱ्याने तो निवडला यात नवल नाही. त्यातील धोका मात्र ओळखला पाहिजे. बीजावाचून वाढणाऱ्या एका वाणाच्या साऱ्या केळी म्हणजे एकाच मातेची प्रतिरूपे. एकीला जो रोग मारतो तो सर्वांना मारू शकतो. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिका खंडातील ‘ग्रॉस मिशेल’ हा व्यापारी वाण मातीतून पसरणाऱ्या मर रोगाने असाच उद्ध्वस्त झाला. त्याच रोगाचा नवा, अधिक उग्र प्रकार २०१८ च्या सुमारास बिहार आणि उत्तर प्रदेशातील बागांत आढळला आहे. आपल्याकडील बागायतदारांनी त्याविषयी सावध राहावे असा तज्ज्ञांचा इशारा आहे.

ज्या फळाला कथाकाराने पर्याय सांगितला नाही त्याच्याच वंशावर उद्या असा प्रसंग आला, तर पूजेत आपण काय ठेवणार? हा प्रश्न शेतकऱ्याइतकाच श्रद्धाळू गृहस्थाचाही आहे.

खुंट मातीत जावा

यावर घरबसल्या आपण काय करणार, असे वाचक विचारतील. आमचे उत्तर साधे आहे. चौरंगाला बांधतो तो खुंट म्हणजे बहुधा बागेतून काढलेला मुनवा असतो. आईच्या पायाशी सारेच मुनवे ठेवले तर घड पोसत नाही, म्हणून बागायतदार एखादा राखून बाकीचे काढून टाकतात. तेव्हा पूजेसाठी खुंट घेतल्याने केळीचा घात होत नाही; जे काढावयाचेच होते ते देवाच्या कामी येते. परंतु हा मुनवा मानेशी कापला तर तो दोन दिवसांचा पाहुणा, आणि कंदासकट काढला तर पुढची केळ.

शक्य असेल तेव्हा एक तरी खुंट कंदासकट मागावा. तो निरोगी बागेतला आहे याची खात्री करून घ्यावी. रोगट बागेतील कंदाबरोबर मर रोगही घरी येतो. कंद ओल्या फडक्यात गुंडाळून पूजेला उभा करावा. उत्तरपूजा झाली की परसात, विहिरीकाठी, मोरीच्या पाण्यावर, आणि जागा नसेल त्यांनी मंदिराच्या किंवा शाळेच्या आवारात, परवानगी घेऊन तो लावावा. आपल्या भागातील जुने वाण, राजेळी असो वा वेलची, मिळाले तर अधिक उत्तम. घरातील भांडी धुतलेल्या पाण्यावर वाढणारी केळ धरणाचे एक थेंबही मागत नाही. उरलेले खुंट आणि पाने नदीत सोडू नयेत. जनावरांपुढे घालावीत किंवा खड्ड्यात पुरून त्यांचे खत करावे. चंद्रभागेच्या पाण्यावर वाढलेली केळ कुजण्यासाठी पुन्हा चंद्रभागेतच टाकणे, ही काही भक्ती नव्हे. प्लास्टिकची पाने आणि प्लास्टिकचे खुंट बाजारात आले आहेत, त्यांना तर देवघरात थारा देऊ नये. ज्याला कोंब फुटत नाही ते वंशवृद्धीचे प्रतीक कसे होणार?

परसातील केळ निसवली की पहिला घड देवाला, त्यातील फण्या शेजारीपाजारी, आणि तिचा मुनवा ज्याच्या घरी पूजा असेल त्याला द्यावा. आपल्या वाडवडिलांनी हेच केले म्हणून केळ आपल्यापर्यंत आली. हजारो वर्षे ती एका हातातून दुसऱ्या हातात गेली आहे. यंदाच्या श्रावणात तो हात आपला आहे.